डोंबिवलीचा नळ, कर्जतचं भात आणि २.७ ग्रॅमची गोळी

लोकलमध्ये असाल तर दारात उभं राहून ऐकू नका. आधी आत या, मग सुरू करू.

(हा आपल्या एपिसोडचा लेखी मजकूर आहे. जिथे मी अडखळले ते काढून टाकलंय. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

२७ जुलै २०१९. तारखेने नाही आठवणार, पण महालक्ष्मी एक्सप्रेस म्हटलं की आठवेल. बदलापूर आणि वांगणीच्या मधे गाडी उभी, चारी बाजूंनी चहाच्या रंगाचं पाणी, डब्यात हजारावर माणसं. मग बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं आणि संध्याकाळपर्यंत सगळे सुखरूप बाहेर पडले. तो व्हिडिओ तुमच्या फोनवर आला तसा माझ्याही आला. आमच्या घरी मात्र माझ्या आईने तो बघितला आणि गाडीबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "दादाची लावणी गेली."

माझ्या मामाचं शेत त्याच पट्ट्यात आहे. म्हणजे होतं. ते शेवटी सांगते.

लावणी गेली नाही. चार दिवसांनी पाणी उतरलं, रोपं तगली, पण पिवळी पडली. मामाने फोनवर कारणही सांगितलं. पाणी यायच्या तीन-चार दिवस आधीच त्याने युरियाचा दुसरा हप्ता फेकला होता. "दोन गोणी नदीनं खाल्ल्या," तो म्हणाला. नंतर थोडं थांबून म्हणाला, "गोळी दाबली असती तर राहिली असती गं."

कसली गोळी, ते मी तेव्हा विचारलं नाही. माझ्या डोक्यात भलतंच सुरू झालं होतं. नदीने खाल्लं म्हणजे गेलं कुठे? ही उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणला येते. कल्याणजवळ मोहोन्याला तिचं पाणी उचलतात आणि शुद्ध करून आपल्या नळाला सोडतात. उरलेली नदी पुढे खाडी होते. तिचा मोठा प्रवाह घोडबंदरमार्गे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो आणि एक फाटा ठाण्याच्या खाडीशी जोडलेला आहे. म्हणजे मामाच्या दोन गोण्या माझ्या नळाच्या दारावरून समुद्राकडे गेल्या.

आता नदीत, खाडीत युरिया गेला तर बिघडतं काय? विष थोडीच आहे, खतच तर आहे. नेमकी तीच अडचण आहे. पाण्यात खत पडलं की पाण्यातलं हिरवं वाढतं. मोहोन्याला दर उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीची सतरंजी पसरते ती तुम्ही पुलावरून बघितली असेल. पुढे खाऱ्या पाण्यात तेच काम सूक्ष्म शेवाळ करतं. ते भसाभस वाढतं, मरतं, तळाला बसतं, आणि ते कुजवणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. मासा एकतर निघून जातो, नाहीतर मरतो. काळ्या समुद्राच्या वायव्येला असा मोठा मृत पट्टा तयार झाला होता. सोव्हिएत संघ कोसळला, तिकडच्या शेतकऱ्यांना खत परवडेनासं झालं, आणि पुढच्या काही वर्षांत तो पट्टा आक्रसला. एवढा मोठा प्रयोग कोणी ठरवून केला नसता.

आपल्याकडेही २००० साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या शेवटी तळाच्या पाण्यातला प्राणवायू कमी होतो. हे निसर्गतःच होतं, खोलवरचं पाणी वर येतं म्हणून. पण ते आता जास्त तीव्र झालंय आणि जमिनीवरून येणाऱ्या नायट्रोजनचा, त्यात खतांचाही, यात हात असावा, अशी त्यांची मांडणी होती.

थोडक्यात, शेतकऱ्याने खत कसं टाकावं हा प्रश्न कोळ्याच्या ताटातला आहे. आणि आपल्याच जिल्ह्यात शेतकऱ्याला हे शिकवायचा इतिहास बराच जुना, गमतीचा आणि थोडा लाजिरवाणा आहे. त्यासाठी सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जावं लागेल.

ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सरकारने पहिल्यांदा जे ठासून शिकवायचा प्रयत्न केला ते 'हे करा' असं नव्हतं, 'हे करू नका' असं होतं. राब जाळू नका. राब म्हणजे काय ते गावाकडच्या मंडळींना सांगायला नको, पण टॉवरमध्ये वाढलेल्यांसाठी सांगते. भाताची रोपं जिथे तयार करायची त्या जागेवर उन्हाळ्यात झाडांचे टहाळे, पालापाचोळा, गवत, शेण असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. मग त्या भाजलेल्या जमिनीत, राखेत भात पेरायचं. तण मरतं, रोप जोमदार येतं आणि उपटताना मुळं तुटत नाहीत.

टहाळे लागतात म्हणजे जंगल लागतं, आणि एकोणिसाव्या शतकात जंगल झालं सरकारचं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून इतकी बोंब झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. राब हा तिथल्या वादाचा कळीचा मुद्दा होता. साहेबांच्या नजरेत ही अडाणी माणसांची जाळपोळ होती. पण १८८९ मध्ये जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचा शेतीरसायनाचा तज्ज्ञ विलायतेहून हिंदुस्थानची शेती तपासायला आला. त्याचा जाडजूड अहवाल १८९३ चा आहे. त्याने फिरून फिरून जे बघितलं, त्यावरून त्याचं मत झालं की इथला शेतकरी मागासलेला आहे हे गृहीतकच चुकीचं आहे. माणूस सरकारनेच पाठवलेला, हे लक्षात ठेवा.

मला स्वतःला राबाचं फार कौतुक करायचं नाहीये. डोंगर बोडके व्हायला त्याचाही हातभार लागला. पण राखेत काहीतरी आहे हे शेतकऱ्याला कळलं होतं. ती राख आपल्या गोष्टीत परत येणार आहे.

पुढे १९१९ मध्ये कर्जतला भात संशोधन केंद्र सुरू झालं. शंभर वर्षांहून जुनं आहे ते. कर्जत लोकलमध्ये झोप लागून शेवटच्या स्टेशनला उतरलेल्या माझ्या श्रोत्यांनो, तुम्ही कुठल्या गावी उतरलात ते कळलं का? 'कर्जत' या नावाने निघालेली भाताची वाणं पुढे कोकणभर गेली. आणि केंद्र बसलंय ते त्याच उल्हास नदीच्या खोऱ्यात, आपल्या नळाच्या वरच्या अंगाला.

स्वातंत्र्यानंतर आली जपानी भातशेती. बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात तिचे प्रयोग झाले आणि १९५३ मध्ये देशभर मोहीम निघाली. गादीवाफ्यावर रोपं करा, बियाणं कमी वापरा, ओळीत लावा, कंपोस्ट घाला, अमोनियम सल्फेट घाला. ग्रामसेवक गावोगाव फिरून हे सांगत होते. ओळीत लावणी हा शब्द आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या कानावर पडला तो तेव्हा. बहुतेकांनी ऐकला आणि सोडून दिला, कारण पावसात वाकून लावणी करणाऱ्या बाईला दोरी धरायला सांगणं म्हणजे कामाचा वेग निम्मा करणं.

१९६५ मध्ये ठाणे खाडीच्या तोंडाशी ट्रॉम्बेला खत कारखाना सुरू झाला. आज त्याला आपण आरसीएफ म्हणतो. 'सुफला' नावाची गोणी ठाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक ओट्यावर दिसायला लागली. पुढे रिकाम्या गोणीची पिशवी, पायपुसणं, पावसात डोक्यावरची खोळ, सगळं झालं. आमच्या आजीच्या घरी गोणी धुऊन शिवलेल्या गोधड्या होत्या.

खत नुसतं आलं नाही, स्वस्त आलं. आणि इथे एक सरकारी निर्णय आहे जो या सगळ्या प्रशिक्षणापेक्षा ताकदवान ठरला. १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशच्या खतांच्या किमतींवरचं नियंत्रण उठवलं, पण युरिया नियंत्रणातच ठेवला. डीएपी महागला, पोटॅश महागलं, युरिया होता तिथेच. आजही पंचेचाळीस किलोची गोणी सरकारी दराने २६६ रुपयांच्या आसपास मिळते. म्हणजे किलोला सहा रुपये. वडापाव बघा कितीला आहे. मग शेतकरी काय करणार? वर्गात शास्त्रज्ञ सांगतोय जपून वापरा, आणि दुकानातली किंमत सांगतेय फेक बिनधास्त.

आता त्या गोळीकडे येऊ.

भाताच्या खाचरात युरिया फेकला की काय होतं? खाचरात पाणी भरलेलं असतं. युरिया विरघळतो, दोन-चार दिवसांत त्याचा अमोनिया होतो. दुपारच्या उन्हात पाण्यातलं शेवाळ कामाला लागतं, पाणी अल्कधर्मी होतं आणि अमोनिया वायू होऊन उडतो. थोडा भाग मातीच्या वरच्या पातळ थरात नायट्रेट होतो, खाली झिरपतो, तिथे प्राणवायू नसल्यामुळे जीवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून टाकतात. आणि कोकणात तिसरी वाट सगळ्यात सोपी आहे. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. बांध भरतो, पाणी खालच्या खाचरात जातं, तिथून ओढ्यात, तिथून नदीत. फेकलेल्या नत्रातलं साधारण तीस-चाळीस टक्केच भाताच्या तोंडी लागतं असं भातशास्त्रज्ञ कित्येक वर्षं सांगताहेत.

जपानी शेतकऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी यावर उपाय शोधला होता. खत मातीच्या गोळ्यात घालून तो गोळा चिखलात खोल दाबायचा. खोल चिखलात प्राणवायू नाही, त्यामुळे अमोनियमचं नायट्रेट होत नाही, ते मातीच्या कणांना चिकटून बसतं आणि मुळं हळूहळू खातात. वर पाणी असलं काय आणि वाहून गेलं काय, खत खालीच. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत सत्तरच्या दशकात यावर काम झालं. पण मातीचे गोळे वळत बसायला वेळ कोणाला? म्हणून युरियाचाच मोठा दाणा किंवा गोळी करायची कल्पना पुढे आली. अमेरिकेत अलाबामा राज्यात मसल शोल्स नावाचं गाव आहे, तिथे आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्र आहे. तिथे या विषयावर काम करणाऱ्यांमध्ये एक मराठी नाव होतं: डॉ. नारायण सावंत. (दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या नावातले डॉ. बाळासाहेब सावंत वेगळे. माझा पहिल्यांदा गोंधळ झाला होता.)

सावंतांनी आणि कोकणातल्या शास्त्रज्ञांनी ही गोळी इथल्या चिखलात आणली आणि तिच्याभोवती चार गोष्टींचं एक पॅकेज बांधलं. महाराष्ट्रात त्याला 'चारसूत्री भात लागवड' म्हणतात.

पहिलं सूत्र म्हणजे भाताचं भातालाच परत द्या. तुसाची काळी राख रोपवाटिकेत घाला, पेंढा शेतात गाडा. राखेत सिलिका असते, रोप कडक होतं, रोग-कीड कमी लागते. बघा, आली की नाही राख परत! ज्या राखेसाठी ठाण्याच्या शेतकऱ्याला अडाणी ठरवलं, तीच शंभर वर्षांनी सूत्र क्रमांक एक होऊन कृषी खात्याच्या पत्रकात आली. फक्त या वेळी जंगल न तोडता. दुसरं सूत्र गिरिपुष्पाचा हिरवा पाला, ज्याला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात. बांधावर लावा, लावणीच्या आठवडाभर आधी कोवळ्या फांद्या चिखलात टाका. तिसरं, नियंत्रित लावणी. दोरीवर आलटून पालटून पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरवर खुणा, आणि त्या खुणांवर चूड लावायचे. असं केलं की चार-चार चुडांचे छोटे चौकोन तयार होतात. आणि चौथं: लावणी झाली की त्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल, हाताने दाबायची. एका गोळीचं वजन २.७ ग्रॅम. पुन्हा खत नाही.

मला हा हिशेब भारी आवडला, कारण तो कागदावर करून बघता येतो. एका चौकोनाला आजूबाजूची जागा धरून चाळीस बाय चाळीस सेंटिमीटर लागतात. म्हणजे हेक्टरला ६२,५०० चौकोन, ६२,५०० गोळ्या, वजन १६९ किलो. त्यात युरिया साठ टक्के, डीएपी चाळीस. नत्र निघतं साधारण अठ्ठावन्न-एकोणसाठ किलो. आणि फेकून द्यायची शिफारस किती? हेक्टरी शंभर किलो. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर बचत, आणि जे घातलं ते नदीला दिसतच नाही.

मामा हे शिकला नव्वदच्या दशकात. कृषी सहायक गावात आले होते, मंदिरात बैठक झाली. मग एका शेतकऱ्याच्या दहा गुंठ्यांवर प्रात्यक्षिक. मामा सांगतो, सगळे बांधावर उभे राहून हसत होते. "लावणी करतायत का रांगोळी काढतायत!" पण भादव्यात त्या दहा गुंठ्यांचा रंग वेगळा दिसायला लागला. पावसाची सर येऊन गेली तरी गडद हिरवा तसाच. पुढच्या वर्षी मामाने दोरी विणली. आजी आणि मामी दोघी गोळ्या दाबायला.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आज तो भाग पालघरमध्ये आहे, डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर १९७६ पासून कृषी विज्ञान केंद्र आहे, गोखले एज्युकेशन सोसायटीचं. जयंतराव पाटलांनी तिथे वारली शेतकऱ्यांमध्ये आयुष्य घातलं. या केंद्रांची पद्धत साधी होती: शेतकऱ्याला वर्गात कमी बसवायचं, चिखलात जास्त. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने आलेली 'प्रशिक्षण आणि भेट' योजनाही त्याच विचाराची, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या संपर्क शेतकऱ्याकडे जायचं आणि एका वेळी एकच गोष्ट सांगायची. कागदावर छान. प्रत्यक्षात संपर्क शेतकरी म्हणून बहुतेक वेळा गावातला बरा, रस्त्याकडेच्या घराचा माणूस निवडला जायचा. लावणी आणि गोळी दाबणं हे बायकांचं काम, आणि बैठकीला बोलावणं पुरुषांना. माझ्या आजीला चारसूत्री कोणी शिकवली? मामाने, जेवताना.

मी मामाला विचारलं, तेव्हा तुम्हाला खाडीचं, माशांचं काही सांगितलं होतं का? तो म्हणाला, "खाडी? नाही बा. खत वाचतं आणि उतारा वाढतो, एवढंच." मला हे फार महत्त्वाचं वाटतं. समुद्रात जाणारं नत्र थोपवण्याचं एवढं नेमकं तंत्र आपल्या जिल्ह्यात शिकवलं गेलं, पण समुद्राचं नाव न घेता. दुसरीकडे बांगलादेशात याच गोळीला 'गुटी युरिया' म्हणतात आणि तिथे ती लाखो शेतकऱ्यांपर्यंत पोचली. तिथेही कारण खाडी नव्हतं. खत वाचतं हेच होतं. बहुधा तेच खरं कारण असायला हवं, कारण कोळ्याच्या माशासाठी शेतकऱ्याने फुकट वाकावं असं म्हणायला आपण कोण?

आणि वाकणं हाच मुद्दा आहे. ६२,५०० हा आकडा मी मघाशी कौतुकाने सांगितला. आता तो कमरेने मोजा. एकरी पंचवीस हजार वेळा हात चिखलात घालायचा, भर पावसात, लावणीने आधीच मोडलेली कंबर घेऊन. आजी थकली. मामीचे गुडघे गेले. लावणीला येणाऱ्या बायका बदलापूर-अंबरनाथच्या कारखान्यांत आणि बिल्डिंगांत कामाला लागल्या, जे बरोबरच होतं, तिथे रोज पगार होता आणि डोक्यावर छप्पर. गोळ्या तालुक्याला वेळेवर मिळायच्या नाहीत. काही गावांत बचत गटांनी गोळ्या बनवायची यंत्रं घेतली, पण डीएपी महागला की गोळी महागायची. आणि समोर दुकानात युरिया सहा रुपये किलो. मामाने गोळी सोडली ती अडाणीपणामुळे नाही. त्यानेही कागदावर हिशेब केला होता.

म्हणून मला अलीकडच्या दोन गोष्टी बघायला आवडतात. एक, २०१५ मध्ये देशातला सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच विकायचं ठरलं. त्याने अमोनियमचं नायट्रेट व्हायचा वेग कमी होतो. शेतकऱ्याला काहीच शिकावं लागत नाही, गोणीच शिकून येते. पण वाहून जाणाऱ्या पाण्यापुढे लेप काय करणार? दुसरी नेरळची. चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राइस तंत्र, साधारण २०११ पासूनचं. चिखलणी नाही, लावणीच नाही, कायमचे गादीवाफे आणि साच्याने टोकण. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. तिथे पहिला विचार माणसाच्या कमरेचा आहे, आणि माती वाहून जाणं कमी होतं ते त्याबरोबर. शेतकऱ्यांना तिथे शेतातच शिकवतात. योगायोग बघा, हेही उल्हास नदीच्याच खोऱ्यात.

आता एक गोष्ट कबूल केल्याशिवाय हा एपिसोड संपवता येणार नाही. तुम्ही म्हणाल, ताई, खाडीची वाट शेतकऱ्याने लावली का? नाही. मी एक ढोबळ हिशेब केला. माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला अडीच-तीन किलो नत्र बाहेर पडतं. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख. म्हणजे एकट्या आपल्या महापालिकेचे तीन हजार टनांहून जास्त. शेतकऱ्याने हेक्टरी शंभर किलो फेकलं आणि त्यातलं निम्मं नदीत गेलं तरी आपली बरोबरी करायला त्याला बासष्ट हजार हेक्टर भात लावावं लागेल. आजच्या ठाणे जिल्ह्यातलं भाताचं एकूण क्षेत्र जवळपास त्याच घरातलं आहे. आणि हे फक्त आपलं. उल्हासनगर, ठाणे, भिवंडी धरलेच नाहीत. उल्हास नदीचा बदलापूर ते मोहोने हा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत आलाय, 'वनशक्ती' संस्था हरित लवादापर्यंत गेली, ते मुख्यतः सांडपाण्यासाठी आणि कारखान्यांसाठी. सांडपाण्यावर प्रक्रिया केली तरी साध्या प्रक्रियेत सगळं नत्र निघत नाही.

ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात, आपण रील काढतो. २०२२ मध्ये तिथे रामसर दर्जा मिळाला. त्या गुलाबी थव्यांचं एक खाणं म्हणजे सूक्ष्म शेवाळ, आणि ते पोसायला आपल्या गटारांनी मदत केली असं पक्षी अभ्यासकच सांगतात. चेंदणी कोळीवाड्यातल्या माणसाला विचारा, तो काय सांगेल. त्याच्या जाळ्यात फ्लेमिंगो येत नाहीत.

तर प्रशिक्षण द्यायचंच असेल तर मामाला दिलं गेलं. तीसेक वर्षांपूर्वी, मंदिरात बसवून, आणि त्याने ते चार-पाच पावसाळे मनापासून पाळलं. माझ्या सोसायटीला अजून कोणी मंदिरात बसवलेलं नाही.

सुरुवातीला म्हटलं होतं, शेत होतं. २०१९ च्या पुरानंतर दोन वर्षांनी मामाने ते विकलं. पुरामुळे नाही. भाव आला, मुलांना शेती नको होती, आणि दोन्ही बाजूंच्या जमिनी आधीच गेल्या होत्या. आता तिथे बारा मजली दोन इमारती आहेत. त्यातल्या एकीत दुसऱ्या मजल्यावर मामाचा फ्लॅट आहे. खाली सांडपाण्याची टाकी आहे, तिचा पंप बंद असतो आणि पाणी मागच्या ओढ्याला सोडतात, हे मामानेच मला दाखवलं. ओढा तोच, ज्यात त्याच्या खाचराचं पाणी उतरायचं.

गेल्या महिन्यात या एपिसोडसाठी त्याच्याकडे गेले होते. दोरीबद्दल विचारलं. तो गॅलरीत घेऊन गेला. कपडे वाळत घातले होते त्याच दोरीवर. निळी नायलॉन, मधे लाल धाग्याच्या गाठी. मी मोबाईल काढून टेपचं ॲप लावलं आणि मोजलं. पंधरा, पंचवीस, पंधरा, पंचवीस. एक गाठ चुकीची निघाली, सतरावर. मामा म्हणाला, "ती तुझ्या आईनं बांधलीय."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.